उमेळ्याचा विकी फंडात जातो

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी विकी म्हात्रेबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून कुणी म्हणेल, हा पोरगा स्वतःला फार शहाणा समजतो. तसं काही नाही. जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी विकीचं दोन पानी पत्र त्याला परत पाठवायच्या ऐवजी आमच्या कंपनीच्या एकशे त्रेसष्ट माणसांच्या ग्रुपवर टाकलं. पत्राचा मथळा होता, 'मला व्हेंचर कॅपिटलमध्ये का यायचं आहे'. ते त्याने मला तपासायला दिलं होतं. मी मन लावून तपासलं होतं, त्यामुळे सगळ्यांना ते अगदी नीट वाचता आलं.

तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं. आमचं ॲप वर्षभरापासून वाढायचं थांबलंय, हे मला दिसतंय. मालकांना अजून कळलेलं नाही. मालकांना ते चार वाजून अकरा मिनिटांनी कळलं.

मी पत्र पुसलं. पण पुसलेल्या जागी 'हा मेसेज काढून टाकला आहे' अशी ओळ राहते, प्रेत हलवल्यावर त्या जागी पणती ठेवतात तशी. सगळे येऊन तिथे बघून जात होते. पत्राचे फोटो तर कधीच काढून झाले होते.

यातली गंमत अशी की मी त्या कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो.

सोमवारी विकीला केबिनमध्ये बोलावलं आणि वीस मिनिटांनी तो बॅग घेऊनच बाहेर आला. माझ्या टेबलाशी थांबला.

"श्री, तू टेस्टर आहेस ना?"

"हो."

"मग पाठवायच्या आधी एकदा टेस्ट करायचं."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर माझं ओझं उतरलं असतं. त्याने दिल्या नाहीत, आणि त्यानंतरचे चार महिने त्याने सांगितलेलं प्रत्येक काम मी मुकाट्याने केलं. पुढची सगळी हकीकत मला एवढ्या जवळून दिसली ती त्यामुळेच.

विकीचं नाव विकीच आहे. लोकांना वाटतं विक्रांतचं किंवा विकासचं लाडाचं असेल. पण दवाखान्यात नर्सने नाव विचारलं तेव्हा त्याच्या वडिलांना, शत्रुघ्नकाकांना, जे सुचलं ते त्यांनी सांगितलं, आणि दाखल्यावर तेच चढलं. विकी स्वतः मात्र इंटरनेटवर विक्रांत आहे. म्हात्रे मंडळी वसईजवळच्या उमेळ्याची, खाडीकाठी भातशेती करणारी. अर्ध्या शेतावर आता इमारती आहेत आणि त्यातल्या एकीत दुसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. मी मूळचा देवरुखचा, शाळाही तिथलीच. मी राहायला आलो त्या दिवशी काकांनी मला लिफ्टपाशी उभं केलं आणि म्हणाले, इथं आमची विहीर होती. मग लिफ्टचं बटण दाबून म्हणाले, पानी गोड होतं. लिफ्ट आली नाही. आम्ही जिन्याने गेलो.

विकी आमच्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर होता. आता प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे काय. चार वर्षं विकीच्या हाताखाली काढून मला समजलं ते असं: इंजिनियर काम करतो, डिझायनर चित्रं काढतो, टेस्टर खोड्या काढतो आणि प्रॉडक्ट मॅनेजर सगळ्यांना 'कधीपर्यंत होईल' असं विचारतो. लग्नात एक मामा असतो बघा, ज्याला कुणी काही काम दिलेलं नसतं, पण मांडवभर फिरून तो 'झालं का, झालं का' करत असतो आणि फोटोत मात्र नवरदेवाच्या शेजारी असतो. तो प्रॉडक्ट मॅनेजर.

आमचं ॲप सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवायचं. वॉचमन म्हणायचे, अक्षरं मोठी करा. म्हाताऱ्या म्हणायच्या, मराठीत करा. मी म्हणायचो, पाहुण्याचा फोटो उलटा दिसतो तेवढा तरी सुलटा करा. विकी सगळ्यांना नाही म्हणायचा. पण हे कबूल करायला हवं, त्याचं 'नाही' स्वच्छ असायचं. तोंडावर, त्याच दिवशी, कारणासकट. चार वर्षांत त्याने मला दोनशेच्या वर वेळा नाही म्हटलं असेल आणि मी एकदाही ताटकळत बसलो नाही. पाहुणे अजून उलटेच दिसतात ती गोष्ट वेगळी.

मग कुठल्या तरी मुलाखती ऐकून ऐकून त्याच्या डोक्यात व्हेंचर कॅपिटल शिरलं. त्याचं म्हणणं असं की आपण एकाच कंपनीत मान मोडतो, ते लोक वीस कंपन्यांत एकाच वेळी डोकं चालवतात. मान कुणाची मोडते ते त्याने सांगितलं नाही. तयारी म्हणून त्याने पहिल्यांदा एक जॅकेट घेतलं. बिनबाह्यांचं, गादीसारखं फुगीर, निळं. त्या धंद्यातले सगळे तेच घालतात म्हणे. वसईच्या दमट हवेत ते घालून तो ओट्यावर बसायचा आणि पाठीवरून घाम ओघळायचा. त्याची आई, कमळीकाकी, तांदूळ निवडता निवडता त्याच्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "पोटाला थंडी वाजते नि हातांना नाय वाजत?"

नोकरी गेली हे घरी कळलं तेव्हा विकीने सांगितलं की मीच सोडली, फंडात लागतोय. काकीने गावभर केलं. उमेळ्यात फंड म्हणजे भिशी. दुसऱ्या दिवशी दोन बायका महिन्याची रक्कम किती ठेवणार ते विचारायला आल्या. काकांना मात्र एवढ्याने पटलं नाही. जमिनीचे पैसे आल्यापासून त्यांनी स्वतः गावात चार-पाच जणांना उभं केलंय, कुणाचा जेसीबी, कुणाचं हॉटेल, आणि ते काही कुठल्या पुस्तकात वाचून नाही. त्यांनी विकीला नीट समजावून सांग म्हटलं. विकीने अर्धा तास समजावलं. श्रीमंत लोक फंडाला पैसे देतात, फंड ते नव्या कंपन्यांना देतो, वगैरे.

काका म्हणाले, "म्हंजे पयसं एकाचं, देनार दुसऱ्याला, नि राबनार तिसरा. यात तू कोन?"

"मी ठरवणार कुणाला द्यायचे ते."

"आनि बुडालं तं?"

"बुडतातच, बाबा. दहातले आठ बुडतात."

काका उठून गोठ्याकडे गेले. गोठ्यात आता त्यांची स्कूटर असते.

थट्टा बाजूला. विकीचं खरोखरच अडलेलं होतं. प्रॉडक्ट मॅनेजर लोकांचेही आपसात ग्रुप असतात आणि माझ्या कृपेने त्या पत्राचा फोटो तिथे सगळीकडे फिरला होता. 'मालकांना अजून कळलेलं नाही' असं लिहिणाऱ्याला दुसरा मालक कशाला ठेवेल? जुनं दार मी बंद केलं होतं, नवं एकच किलकिलं होतं. मुंबईच्या बीकेसीतल्या एका फंडाने त्याला कळवलं होतं की सहा आठवड्यांत आमच्या नजरेला न आलेली एक कंपनी शोधून आण, ती आमच्यासमोर मांड आणि आम्ही तिच्यात पैसे घालावेत की नाही ते सांग. पटलं तर तुला कामावर घेऊ. हे नाही जमलं तर काकांचं हॉटेलवाल्याकडे वजन आहे, गल्ल्यावर बसवतील, असं विकी स्वतःच म्हणायचा आणि हसायचा नाही.

पहिले तीन आठवडे त्याने दिल्ली-बंगळुरूच्या कंपन्या धुंडाळल्या. त्या सगळ्यांच्या नजरेला आलेल्याच होत्या. मग त्याला रोवेना आठवली.

रोवेना त्याच्या शाळेतली. माणिकपूरच्या एका पतपेढीत खिडकीवर बसते. राहायला आगाशीच्या पुढे, अर्नाळ्याच्या वाटेवर. तिची आई कॅथरिनमावशी सुकेळी करते. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर चटया घालून उन्हात मांडायची, संध्याकाळी गोळा करून पानांत आणि गोधडीत निजवायची, सकाळी परत उन्हात. असे सात-आठ दिवस. मग वाळक्या केळीच्या पानात गुंडाळून केळीच्याच दोऱ्याने बांधायची. आत मधाच्या रंगाचा, खजुरासारखा मऊ तुकडा. हे करणारी घरं आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत.

आम्ही रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर गेलो. मावशी मांडवापाशी केळी उलटत होती. एकाहत्तर वर्षांची बाई, पण हात असा चालत होता की मला बघूनच दमायला झालं. विकीने वही काढली. गिऱ्हाईकं किती, हा पहिला प्रश्न.

"माझ्याकडे गिऱ्हाईकं नाहीत बाबा. घरं आहेत."

तिच्याकडे ऐंशी घरं आहेत. कुठे लिहिलेली नाहीत, सगळी डोक्यात. कुणाला किती, कुणाला नाताळच्या आधी, कुणाच्या मुलीकडे दुबईला जातं. माल त्या घरांचा. नवीन घर घ्यायचं तर जुनं घर सुटावं लागतं. विरारचा एक डॉक्टर पाच वर्षं थांबलाय.

"मग त्याचा नंबर कधी?"

"कुणी कॅनडाला गेलं की."

विकीने माझ्या मांडीला चिमटा काढला. ऐंशी घरं, एकही सुटत नाही, जाहिरात शून्य, वर रांग. बाहेर पडताना तो म्हणाला, श्री, हे असं कुणाकडेच नसतं. मी म्हटलं, ऊन नसेल तर काय करता असं तू विचारलंस तेव्हा ती 'तर बसायचं' म्हणाली, ते लिहिलंस का? त्याने लिहिलं होतं. 'हवामानाची जोखीम.'

रोवेना मात्र हुरळणारी नव्हती. दिवसभर लोकांच्या अर्जांतल्या थापा वाचून तिचा चेहराच तसा झालाय. आम्हाला जेवायला वाढलं आणि मग स्पष्ट बोलली. शेजारी व्हिव्हियनची वाडी आहे. तो तीन वर्षांसाठी भाड्याने द्यायला तयार आहे. तिथे आहे त्या राजेळीची लागवड वाढवली, कामाला चार बायका घेतल्या तर डॉक्टरसारख्यांना कॅनडाची वाट बघावी लागणार नाही, आणि आईच्या हातातलं आईबरोबर जाणार नाही. त्यासाठी तिला पतपेढी सोडावी लागेल. पैसे आले तर ती सोडेल, नाही आले तर सोडणार नाही. व्हिव्हियन ईस्टरपर्यंत थांबणार होता.

"मला एवढंच हवंय," ती म्हणाली, "हो का नाही ते ईस्टरच्या आत कळव. नाही असलं तरी चालेल. पण कळव."

"शंभर टक्के," विकी म्हणाला. चार वर्षं 'नाही' म्हणायचा सराव असलेला माणूस. मलाही शंका आली नाही.

आता अडचण अशी की मावशीकडे दाखवायला माल नव्हता. सगळा घरांचा. स्वतःच्या वाट्यातली बारा सुकेळी तिने दिली, तीही दोनदा मोजून. शिवाय विकीचं मत पडलं की फंडवाले विचारणार, हे मोठ्या प्रमाणावर होईल का? म्हणजे उन्हाशिवाय, मावशीशिवाय, मशीनवर. तेव्हा मशीनवर करून दाखवू. रोवेनाने सांगितलं होतं की आईने एकदा ओव्हनमध्ये करून पाहिलंय, चपलेसारखी होतात. विकी म्हणाला, फाउंडर लोक, म्हणजे धंदा काढणारे, बदलाला घाबरतात.

मशीन मिळालं अर्नाळ्याला. काकांच्या ओळखीतल्या एका मासळीवालीकडे सुकवायचं यंत्र होतं, आत जाळीचे कप्पे आणि गरम हवा. त्यात बोंबील सुकवायचे. आम्ही दोघांनी ते लिंबू लावून तीन वेळा धुतलं. धुतलं म्हणजे मी धुतलं. विकी जॅकेट घालून बाहेर फोनवर होता. व्हिव्हियनकडून आणलेले दोन घड सोलून आत भरले तेव्हा तिथल्या बायका काम टाकून बघायला आल्या. एक म्हणाली, "केल्यांचं कालवन करतो का रं?"

दुसऱ्या दिवशी यंत्र उघडलं. केळी काळी झाली होती, वातड झाली होती आणि वासाला, कितीही नाकारायचं म्हटलं तरी, बोंबील होती. मी टेस्टर या नात्याने एक खाल्लं आणि अहवाल दिला. विकी म्हणाला, पॅकिंगने फरक पडतो.

मार्चमध्ये ती मीटिंग झाली. मी रजा टाकून डबे आणि लॅपटॉप सांभाळायला गेलो होतो. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं मला. फंडाच्या प्रमुख संपदा मॅडम होत्या, पुण्याच्या, पण मराठी फक्त ड्रायव्हरशी फोनवर बोलल्या. बरोबर दोन तरुण होते, दोघांनाही तसलंच निळं जॅकेट. खोलीतला एसी एवढा गार होता की त्या जॅकेटचा उपयोग मला पहिल्यांदा कळला.

विकी फार छान बोलला, हे मी त्याच्यावर रागावलेला असूनही सांगतो. ऐंशी घरं, ती रांग, मावशीचे हात, चाळीस मिनिटं कुणी फोनकडे पाहिलं नाही. मग मी डबे फिरवले. मावशीचं सुकेळं खाऊन मॅडम म्हणाल्या, छान आहे, जरा जास्तच गोड आहे. मग त्यांनी मशीनमधलं उचललं. बराच वेळ चावलं.

"याला एक स्मोकी नोट आहे," त्या म्हणाल्या.

दोघा तरुणांनीही चावून माना हलवल्या. एक म्हणाला, खूप ऑथेंटिक. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे पाहिलं असतं तर हसलो असतो.

मग मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "तर मग? घालायचे पैसे?"

विकीच्या शेवटच्या पानावर उत्तर होतं. हिरव्या अक्षरात 'हो', आणि खाली चार कारणं. मीच ते पान तपासलं होतं. त्याचं बोट बटणावर होतं. पण त्याने आधी मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्या टोपण लावलेल्या पेनाकडे, आणि लॅपटॉप हळूच मिटला.

"नाही," तो म्हणाला.

मग त्याने न अडखळता चार कारणं दिली. ऐंशी घरांची ऐंशी हजार घरं होणार नाहीत. सगळं एका एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या हातात आहे. मुलगी पैसे आल्याशिवाय नोकरी सोडत नाही. आणि चौथं, "फाउंडरमध्ये भूक नाही."

याच फाउंडरने आम्हाला त्या तीन आठवड्यांत तीनदा जेवायला घातलं होतं.

मॅडम पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, इथे येणारा प्रत्येक जण स्वतः आणलेल्या कंपनीच्या प्रेमात पडतो. तू पडला नाहीस. आम्हाला हेच बघायचं होतं. विकीनेही असं हसून दाखवलं की जणू त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर चारही कारणं खरी होती. म्हणूनच मला जास्त झोंबलं. ती त्याला आगाशीच्या त्या मांडवापाशीच दिसली असणार. तिथे ती बोलून दाखवली असती तर रोवेनाने दुसरं काही शोधलं असतं. पण तेव्हा त्याला ती लपवायची होती आणि आता विकायची होती.

परतताना आम्ही टॅक्सी केली, कारण विकी खुशीत होता. घोडबंदरच्या पुलाआधी गाडी अडकली तेव्हा मी विचारलं, रोवेनाला आज सांगणार ना?

"काय सांगणार?"

"नाही म्हणून."

"आपण नाही म्हणत नाही, श्री." अजून नेमणुकीचं पत्र आलं नव्हतं, पण 'आपण' आलं होतं. "उद्या तिचं मोठं झालं तर? नाही म्हटलं की ती दुसऱ्या फंडाकडे जाणार. दार उघडं ठेवायचं."

"उघड्या दारात ती किती दिवस उभी राहणार?"

"तुला हे कळायला वेळ लागेल."

पत्र आठवड्याने आलं. कमळीकाकीने सगळ्या इमारतीत पेढे वाटले, माझ्याकडे दोन जास्त दिले, कारण माझ्यामुळेच पोराचं भलं झालं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी ते खाल्ले.

रोवेनाने पहिला मेसेज केला त्याला विकीचं उत्तर गेलं, टीमशी बोलतोय. दुसऱ्याला गेलं, खूप इंटरेस्ट आहे, थोडा वेळ दे. तिसऱ्याला नुसता अंगठा. हे ती मला दाखवायची. मी माणिकपूरला पतपेढीत कधी कामासाठी गेलो की ती खिडकीतून फोन पुढे करायची आणि विचारायची, याचा अर्थ काय? मी म्हणायचो, विचारतो त्याला.

ईस्टर आला आणि गेला. व्हिव्हियन भला माणूस, तो आणखी दहा दिवस थांबला. मग त्याने वाडी बॉक्स क्रिकेटच्या टर्फवाल्याला दिली. राजेळीचे खुंट उपटून तिथे हिरवी प्लॅस्टिकची चटई आली, वर जाळी. आता संध्याकाळी मावशीच्या मांडवावर बॉल येतात.

त्याच आठवड्यात विकीने इंटरनेटवर एक लेख टाकला. प्रॉडक्टमधून व्हेंचरमध्ये जाताना मी काय शिकलो. वर मावशीच्या हातांचा फोटो, खाली लिहिलेलं की माझ्या पहिल्या फाउंडरने मला संयम शिकवला. अकराशे लोकांना आवडला. रोवेनालाही आवडला, म्हणजे तिने तसं बटण दाबलं. रागाने दाबलं असावं. विकीला ते कळलं नाही. त्याने मला कौतुकाने दाखवलं, बघ, नाती अशी टिकवायची असतात.

शत्रुघ्नकाकांना हे सगळं कुठून कळलं माहीत नाही. बहुतेक व्हिव्हियनकडून, ते दोघे एकाच गॅरेजला स्कूटर देतात. एका सकाळी मला जिन्यात गाठून म्हणाले, त्या आगाशीच्या पोरीला ह्यानं काय सांगितलं? मी म्हटलं, अजून काही नाही. काकांनी कठड्यावर हात घासला.

"मी ज्याला नाय देत, त्याला त्याच दिवशी सांगतो," ते म्हणाले. "शिव्या देतो तो मला. पन मोकला होतो नं तो, दुसरीकरं जायला."

मी म्हटलं, विकीला सांगा हे. ते म्हणाले, त्याला सांगून बघितलं. तो म्हनला बाबा, तुमचं काम लहान आहे.

मे महिन्यात विकीचा मला फोन आला. संपदा मॅडमकडे घरी पाहुणे येणार आहेत, त्यांना ती सुकेळी हवी आहेत. एक किलो. पैशांचा प्रश्न नाही. आणि जमलं तर त्यातली ती स्मोकी. मी म्हटलं, तू माग. तो म्हणाला, मी मागितलं तर ऑकवर्ड होईल.

मी पतपेढीत गेलो. दुपारची वेळ, खिडकीशी दोनच माणसं. मी किलोभर सुकेळ्यांचं विचारलं, कुणासाठी ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "विकीला हवीत ना?"

मी खिडकीवरचं पेन उचलून परत ठेवलं.

"आधी उत्तर दे म्हणावं त्याला. हो का नाही. एक शब्द आहे." मग फोन बाजूला ठेवून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "श्रीरंग, तू होतास ना तिथे?"

तो शब्द मार्चपासून माझ्या तोंडात होता. लॅपटॉप मिटल्याचा आवाजसुद्धा आठवत होता. चौथं कारण तर पाठ होतं.

"मी डबे सांभाळत होतो," मी म्हटलं. "बाहेर."

तिने मान डोलावली आणि माझ्या मागच्या माणसाचं पासबुक घेतलं.

रस्त्यावर येऊन मी विकीला कळवलं की ती उत्तर मागते आहे, निदान नाही तरी म्हण, वाडीही गेली आता, तुझं काय जातंय. त्याचं उत्तर लगेच आलं. हो रे, या आठवड्यात नक्की.

आता गणपती झाले. तो आठवडा अजून चालूच आहे.